युक्रेनच्या लोकांचं स्वतःचं म्हणणं काय आहे?

ओवी

गेल्या वर्षभरात इथे युक्रेनवर बरेच धागे येऊन गेले. रशियन तेल, नाटो, ट्रंप, ड्रोन, संयुक्त राष्ट्रांत भारतानं तटस्थ राहावं की नाही, सगळ्यावर भरपूर चर्चा झाली आणि मलाही त्यातून पुष्कळ कळलं. पण एवढ्या प्रतिसादांत खुद्द युक्रेनच्या लोकांचं काय झालं, त्यांना काय वाटतं, ते आपल्या सरकारला काय सुनावतात, हे जवळजवळ कुठेच आलं नाही. दोन पैलवानांच्या कुस्तीत आखाड्यातल्या मातीला कुणी मत विचारत नाही, तसं त्या देशाबद्दल बोललं जातं. मला ते टोचतं, म्हणून हा धागा.

मी पोलंडमध्ये व्रोत्स्वाफला राहते. युक्रेनहून आलेल्या मुलांच्या गणिताच्या शिकवणीला इथल्या एका शाळेत मदत करते. त्या निमित्तानं त्यांच्या आयांशी बोलणं होतं. जे दिसतं, ऐकू येतं ते लिहिते.

सगळ्यात आधी तारखेबद्दल. आपण युद्धाची सुरुवात २४ फेब्रुवारी २०२२ धरतो. या बायका २०१४ धरतात. आधी क्रिमिया गेला, मग देशाच्या पूर्वेकडच्या दोनबास भागात लढाई पेटली आणि तेव्हाच सुमारे १५ लाख लोकांना घरं सोडावी लागली. त्यांतले कित्येक दोनेत्स्कहून मारियुपोलला आले, तिथे नव्यानं संसार मांडला, मुलांना शाळेत घातलं आणि आठ वर्षांनी पुन्हा पळाले. माझ्या ओळखीच्या एक आजी अशा दोनदा उठलेल्या आहेत. दुसऱ्यांदा निघताना त्यांनी भांडीकुंडी घेतलीच नाहीत, फक्त घराची कागदपत्रं घेतली. दोन्ही घरांची.

आज देशाबाहेर आसरा घेतलेले युक्रेनी ५० लाखांहून जास्त आहेत, आणि देशातल्या देशात विस्थापित झालेले आणखी ३५ लाखांहून जास्त. युरोपीय संघानं २००१ साली एक तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा करून ठेवला होता, तो ४ मार्च २०२२ ला पहिल्यांदा लागू झाला. त्यामुळे राहायची, काम करायची, मुलांना शाळेत घालायची परवानगी लगेच मिळाली. ही मोठीच गोष्ट होती. पण १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी असल्यामुळे आलेली कुटुंबं अर्धीच आली. आमच्या शाळेत युक्रेनी मुलांच्या पालकसभेला आया येतात, आज्या येतात. बाप क्वचितच दिसतो.

शिकवणीला येणारी एक बारा वर्षांची मुलगी झापोरिझ्झियाची आहे. दिवसा ती पोलिश शाळेत जाते आणि संध्याकाळी युक्रेनी शाळेचे ऑनलाइन धडे करते, दोन्हीकडचा गृहपाठ. आईच्या फोनमधलं हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचं अॅप अजून झापोरिझ्झियावरच लावलेलं आहे, कारण बाबा तिथे आहेत. भोंगा वाजला की आई 'खाली गेलास का?' एवढाच मेसेज टाकते. उत्तर येईपर्यंत मुलगी गणित पुढे करत नाही. मीही मग घाई करत नाही.

ही झाली माणसांची बाजू. पण याच बायका त्यांच्या सरकारबद्दल, सैन्यभरतीबद्दल, भ्रष्टाचाराबद्दल तावातावानं बोलतात, भांडतात. त्यांना राजकीय मत आहे आणि ते आपल्या चर्चेतल्या कुठल्याही खान्यात नीट बसत नाही. त्याबद्दल बोलूया का?

दक्षिणायन

चांगला विषय. शाळेतल्या मुलांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण एक गोष्ट सुरुवातीलाच नोंदवतो. २०१४ ते २०२१ या काळात दोनबासमध्ये सुमारे १४ हजार माणसं मेली, त्यांत ३,४०० तरी सामान्य नागरिक होते, हे संयुक्त राष्ट्रांचे आकडे आहेत. ते दोन्ही बाजूंच्या तोफांनी मेले. २ मे २०१४ ला ओदेसात कामगार संघटनांच्या इमारतीला आग लागली. त्या दिवशीच्या हिंसाचारात ४८ जण गेले, बहुतेक रशियाच्या बाजूचे. तेही युक्रेनीच होते. त्यांचं मत या धाग्यात धरायचं की नाही? नाटोचा विस्तार हे मूळ कारण आहे असं माझं मत आहे, पण तो वाद इथे नको म्हणत असाल तर राहू द्या.

ओवी

@दक्षिणायन, जरूर धरायचं. ओदेसाबद्दल मार्च २०२५ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं निकाल दिला आहे. हिंसा रोखण्यात, लोकांना वाचवण्यात आणि नंतर नीट तपास करण्यात युक्रेनचं सरकार कमी पडलं असं न्यायालयानं म्हटलं. रशियन अपप्रचारानं आग भडकवायला मदत केली, हेही त्याच निकालात आहे. तो निकाल युक्रेनी वर्तमानपत्रांत छापून आला, त्यावर चर्चा झाली. मला हे महत्त्वाचं वाटतं.

मात्र पूर्वेकडचे रशियन बोलणारे म्हणजे रशियाच्या बाजूचे, हे समीकरण मला मान्य नाही. १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात ९२ टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूनं मत दिलं. दोनेत्स्क आणि लुहान्स्क प्रांतांत ८० टक्क्यांहून जास्त. क्रिमियात सगळ्यांत कमी, तरी निम्म्याहून अधिकच. २०१९ मध्ये ७३ टक्के मतं घेऊन निवडून आलेले झेलेन्स्की स्वतः क्रिवी रीहचे, घरात रशियन बोलत वाढलेले. आणि २०२२ मध्ये सर्वांत जास्त मार कुणाला बसला? खारकीव्ह, मारियुपोल, खेरसोन. सगळी रशियन बोलणारी शहरं.

डॉ. सायली

खारकीव्हचं नाव निघालं म्हणून लिहिते. एरवी या विषयावर मी फारसं बोलत नाही.

मी तिथे मेडिकलला चौथ्या वर्षाला होते. २४ फेब्रुवारीला पहाटे पाचच्या सुमारास स्फोटांच्या आवाजानं उठलो. पुढचे दिवस होस्टेलचं तळघर आणि मेट्रो स्टेशन. मेट्रोच्या फलाटावर अख्ख्या वस्त्या येऊन झोपलेल्या होत्या, कुत्री, मांजरं, चाकांच्या खुर्चीतले म्हातारे, सगळे. १ मार्चला आमच्यातला एक मुलगा, कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातला, किराणा आणायला बाहेर गेला होता तेव्हा गेला. दुसऱ्या दिवशी दूतावासाची सूचना आली की ताबडतोब शहर सोडा, गाडी नसेल तर पायी पिसोचिनला पोचा. आम्ही चालत गेलो. पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, ऑपरेशन गंगा, साडेबावीस हजारांच्या आसपास भारतीय परत आले. बातम्यांमध्ये आमच्या मुलाखती झाल्या, आम्ही घरी पोचलो आणि इथल्या लोकांसाठी ती गोष्ट संपली.

मला त्या वॉर्डनबाईंबद्दल सांगायचंय ज्या तिथेच राहिल्या. साठीच्या पुढच्या, कडक. रात्री उशिरा आलो की आरडाओरडा करायच्या. त्या दिवसांत त्यांनी तळघरात आमच्यासाठी मोठ्या पातेल्यात बटाटे उकडले आणि शाकाहारी मुलांसाठी वेगळं पातेलं ठेवलं. गोळीबार चालू असताना दोन पातेली! त्यांचं घर साल्तिव्का भागात. शहराच्या उत्तरेची ही वसाहत, रशियाची सीमा तिथून तीस-चाळीस किलोमीटरवर, त्यामुळे पहिला मार तिलाच. इमारतीच्या खिडक्या गेल्या, काचांच्या जागी लाकडी फळ्या ठोकल्या. नंतर काचा बसवल्या, त्या पुन्हा फुटल्या. त्या तिथेच आहेत. मी विचारलं, मुलाकडे का जात नाही? त्यांनी लिहिलं, 'माझ्या मजल्यावर दोन म्हाताऱ्या आहेत, त्यांना औषधं कोण आणून देणार?'

खारकीव्हमध्ये २०२३ च्या सप्टेंबरपासून मेट्रो स्टेशनांत शाळेचे वर्ग भरतात. २०२४ मध्ये खास जमिनीखाली बांधलेली शाळा सुरू झाली. कारण सीमेवरून सुटलेलं क्षेपणास्त्र शहरात पोचायला मिनिटभरही लागत नाही. कधीकधी स्फोट आधी आणि भोंगा नंतर होतो. माझ्या सर्जरीच्या सरांनी २०२२ च्या वसंतात आमचे ऑनलाइन तास पुन्हा सुरू केले तेव्हा ते हॉस्पिटलच्या तळघरातून बोलायचे. रात्रभर शस्त्रक्रिया, सकाळी आम्हाला हर्नियाचा धडा. आमचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून.

८ जुलै २०२४ ला कीव्हच्या ओखमातदित या मुलांच्या सर्वांत मोठ्या रुग्णालयावर क्षेपणास्त्र पडलं. डायलिसिसवरची, कॅन्सरची मुलं सलाइनच्या बाटल्यांसकट रस्त्यावर आणून बसवली होती आणि डॉक्टर, नर्सा, येणारे-जाणारे रांग करून हातोहात विटा बाजूला करत होते. युक्रेनमधल्या आरोग्यसेवेवरच्या दोन हजारांहून जास्त हल्ल्यांची नोंद जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे. मी आता जिल्हा रुग्णालयात काम करते. वॉर्डात पहाटे वीज गेली आणि जनरेटर चालू होईपर्यंतचे काही सेकंद शांत झाले की मला तिकडचे लोक आठवतात, ज्यांच्यासाठी ती शांतता तासन्‌तास असते.

मीनलताई

सायली, वाचून डोळ्यांत पाणी आलं गं. त्या बाईंना माझा नमस्कार कळव.

पंचगंगाकाठ

ओवीताई पोलंडमध्ये आहेत म्हणून एक धागा जोडतो. आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, नाटकं, सगळं तिथे उभं राहिलं होतं. शहरात महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. हे बऱ्याच जणांना माहीत असेल. पण ते लोक कुठून आले होते हे फार जणांना ठाऊक नसतं. सोव्हिएत फौजांनी १९४० आणि १९४१ मध्ये त्या वेळच्या पूर्व पोलंडमधून त्यांना मालगाड्यांत कोंबून सैबेरियाकडे, कझाकस्तानकडे नेलं, तिथून सुटून ते इराणमार्गे भारतात पोचले. त्या पूर्व पोलंडचा मोठा भाग म्हणजे आजचा पश्चिम युक्रेन. ल्विव्हच्या आसपासची कित्येक कुटुंबं त्यात होती. म्हणजे लोकांना घरातून उचलून हजारो मैल दूर नेऊन टाकायची ही रीत त्या भूमीला नवी नाही. १८ मे १९४४ ला क्रिमियातल्या तातार लोकांना असंच एका झटक्यात उचलून मध्य आशियात नेलं.

पंतप्रधान मोदी २३ ऑगस्ट २०२४ ला कीव्हला गेले, त्याच्या दोनच दिवस आधी वॉर्सात कोल्हापूरच्या स्मारकाला त्यांनी फुलं वाहिली. वर्तमानपत्रांत दोन्ही बातम्या वेगवेगळ्या पानांवर आल्या. मला त्या एकच वाटल्या.

छावणी रिकामी झाल्यावर त्याच बराकींत फाळणीत घरदार गमावलेले सिंधी आले, आजचं गांधीनगर. आम्ही कापड घ्यायला तिथे जातो.

जळगावकर

माझा तेलाचा घाऊक व्यवसाय आहे. युद्धाआधी आपल्याकडे येणारं बहुतांश सूर्यफूल तेल युक्रेनचं असायचं. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस काळ्या समुद्रातली बंदरं बंद झाली आणि डब्याचा भाव कुठे गेला ते इथल्या गृहिणींना आठवत असेल. जुलै २०२२ ते जुलै २०२३ धान्य कराराखाली जहाजं निघाली, मग रशिया करारातून बाहेर पडला, तरी युक्रेननं किनाऱ्याकिनाऱ्यानं मार्ग काढला.

व्यापारात आपण फक्त भाव बघतो. पण सूर्यफूल पिकवणाऱ्या मिकोलाईव्ह, खेरसोनच्या शेतकऱ्यांच्या रानात सुरुंग पेरलेले आहेत. ट्रॅक्टर घातला आणि उडाला, अशी माणसं गेलीत. शिवाय ६ जून २०२३ ला काखोव्का धरण फुटलं, खालची गावं बुडाली आणि वरचे कालवे कोरडे पडले. मिकोलाईव्ह शहरात तर एप्रिल २०२२ ला पाण्याची जलवाहिनी तुटली, त्यानंतर तीन वर्षं नळाला खारं पाणी येत होतं. लोक कॅन घेऊन रांगा लावत. पाण्याचा टँकर काय असतो हे आमच्या भागाला सांगायला नको.

अॅड. राजे

मला राजकीय बाजूवर विचारायचं आहे. झेलेन्स्कींची मुदत मे २०२४ मध्ये संपली. निवडणूक नाही. ११ पक्षांवर २०२२ मध्ये बंदी. सगळ्या मोठ्या वाहिन्या एकत्र करून एकच सरकारी छापाचं प्रक्षेपण. लष्करी कायदा दर ९० दिवसांनी वाढतोच आहे. लोकशाहीसाठी लढतो म्हणणाऱ्या देशात हे कसं चालतं, आणि तिथले लोक हे कसं खपवून घेतात?

निशिगंध

राजेसाहेब, मी बर्लिनमध्ये असते, ऑफिसात दोन युक्रेनी सहकारी आहेत आणि या विषयावर त्यांची रोज जुंपते, त्यामुळे मला थोडं माहीत आहे.

निवडणुकीचं आधी. लष्करी कायदा लागू असताना निवडणूक घ्यायची नाही, हे त्यांच्या कायद्यातच आहे, झेलेन्स्की यायच्या आधीपासून. विरोधी पक्षांचंही त्यावर एकमत होतं. कारण साधं आहे. देशाचा जवळपास पाचवा हिस्सा ताब्यात नाही, लाखो मतदार परदेशात, लाखो खंदकांत, आणि मतदान केंद्रापुढची रांग म्हणजे ड्रोनला आयतं लक्ष्य. पण एकत्रित प्रक्षेपणाबद्दल तुमचं बरोबर आहे. सुरुवातीला लोकांनी ते विश्वासानं पाहिलं, नंतर तो विश्वास पार खाली आला. लोक आता बातम्या टेलिग्राम आणि यूट्यूबवर बघतात.

आणि खपवून घेतात म्हणालात, तर जुलै २०२५ मध्ये काय झालं ते सांगते. २२ जुलैला संसदेनं घाईघाईनं एक विधेयक मंजूर केलं. भ्रष्टाचाराचा तपास करणारी 'नाबू' ही संस्था आणि तिचे खटले चालवणारं स्वतंत्र अभियोक्ता कार्यालय, दोन्ही सरकारच्या महाभियोक्त्याच्या हाताखाली आणायची, असा त्याचा अर्थ होता. त्याच रात्री झेलेन्स्कींनी सही केली. आणि त्याच संध्याकाळपासून कीव्हमध्ये इवान फ्रांको नाट्यगृहासमोरच्या चौकात पोरं जमायला लागली. हातात काय, तर खोक्यांचे फाडलेले पुठ्ठे, त्यांवर मार्करनं लिहिलेल्या घोषणा. ल्विव्ह, द्निप्रो, ओदेसातही तेच. बहुतेक जण विशीतले. सुटीवर आलेले, हातपाय गमावलेले सैनिक त्यांच्यात उभे. मध्यरात्री संचारबंदी असते म्हणून त्याआधी घरी जायचं, रात्री हल्ला झाला तर तळघरात काढायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा पुठ्ठा घेऊन हजर. युद्धकाळातला तो सरकारविरोधी पहिला मोठा निषेध. काच फुटली नाही, लाठी चालली नाही. ३१ जुलैला त्याच संसदेला नवा कायदा करून दोन्ही संस्थांची स्वायत्तता परत द्यावी लागली.

पुढे काय झालं पाहा. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच 'नाबू'नं अणुऊर्जा कंपनीच्या कंत्राटांतला सुमारे १० कोटी डॉलरचा लाचखोरीचा व्यवहार उघड केला. राष्ट्राध्यक्षांचा जुना भागीदार त्यात संशयित म्हणून पुढे आला, तो देश सोडून गेला. मंत्री गेले. २८ नोव्हेंबरला झेलेन्स्कींचा उजवा हात मानले जाणारे आंद्री येर्माक यांच्या घराची झडती झाली आणि त्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. हे सगळं रोज दहा-बारा तास वीज जात असताना. लोकांचा संताप कल्पना करा! वीजकेंद्रांच्या संरक्षणाच्या कामात पैसे खाल्ले आणि आपण अंधारात बसलोय.

माझ्या सहकाऱ्यांपैकी एक झेलेन्स्कींना मत न दिलेला, दुसरी दिलेली. दोघांचंही म्हणणं एकच, की हा चोर आपला आपण पकडू, त्यासाठी मॉस्कोनं यायची गरज नाही.

अॅड. राजे

ही माहिती नवी होती, धन्यवाद. जुलैचा निषेध आपल्याकडच्या बातम्यांत मला तरी दिसला नाही. पक्षबंदीबद्दल माझा आक्षेप कायम आहे. मॉस्कोशी संबंध असलेल्या चर्चवर बंदी आणणारा ऑगस्ट २०२४ चा कायदाही धर्मस्वातंत्र्याच्या कसोटीवर अवघड वाटतो.

ओवी

चर्चच्या कायद्यावर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानंही चिंता व्यक्त केली आहे. आक्षेप रास्त आहे.

पण लोकांच्या रोजच्या बोलण्यातला सर्वांत दुखरा विषय चर्च नाही, निवडणूकही नाही. सैन्यभरती आहे. २०२२ मध्ये भरती कार्यालयांपुढे स्वेच्छेनं आलेल्यांच्या रांगा होत्या. ते पहिले आलेले अजून आघाडीवर आहेत, जे वाचले ते. परत कधी यायचं याची तारीखच नाही. एप्रिल २०२४ च्या भरती कायद्यात आधी ३६ महिन्यांनी सुटका अशी तरतूद होती, ती ऐन वेळी गाळली. सैनिकांच्या बायका चौकाचौकांत फलक घेऊन उभ्या राहायच्या, त्यांच्या मुलांच्या हातातही फलक. भरतीचं वय त्याच महिन्यात २७ वरून २५ वर आणलं. आता भरती अधिकारी रस्त्यात माणसं अडवतात, व्हॅनमध्ये घालतात, त्याचे व्हिडिओ फिरतात. काही जण सीमा ओलांडताना टिसा नदीत बुडून मेले. न सांगता तुकडी सोडून गेलेल्यांची प्रकरणं लाखाच्या वर आहेत.

याचा अर्थ 'लोकांना लढायचं नाही' असा लावला जातो, तो मला फार उथळ वाटतो. इथली एक बाई, नवरा तिसऱ्या वर्षी तोफखान्यात, मला म्हणाली की मला दोन माणसांचा राग येतो. एक, पैसे चारून मोकळा फिरणारा. दुसरा, माझ्या नवऱ्याला चार दिवस घरी न पाठवणारा. यांतला कुठलाच राग तिला रशियाच्या बाजूला नेत नाही. ऑगस्ट २०२५ पासून १८ ते २२ वयाच्या मुलांना बाहेर जायची परवानगी मिळाली. आनंदानं मुलं आली, आणि मागे राहिलेल्यांच्या मनात प्रश्न राहिला की ही पोरं परत येतील का. १९९१ मध्ये सव्वापाच कोटींच्या आसपास लोकसंख्या असलेला देश आहे तो. बायका इकडे, पुरुष तिकडे, मुलं पोलिशमध्ये स्वप्नं बघायला लागलेली.

इथे पोलंडमध्येही २०२२ चं वातावरण उरलेलं नाही. तेव्हा स्टेशनवर लोक सूप आणि बाबागाड्या घेऊन उभे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी युक्रेनींच्या सवलती वाढवणाऱ्या कायद्यावर नकाराधिकार वापरला, पुढे काम करण्याच्या अटी घालून तो मंजूर झाला. बसमध्ये युक्रेनीत मोठ्यानं बोलू नको असं आता आया मुलांना सांगतात. हे मी स्वतः ऐकलंय.

मीनलताई

मला राजकारणातलं फार कळत नाही. पण एवढी माणसं मरतायत, तर थोडी जमीन देऊन का नाही थांबवत? जीव वाचणं महत्त्वाचं नाही का?

दक्षिणायन

मीनलताईंनी योग्य प्रश्न विचारला. शेवटी तोडगा तिथेच येणार आहे. दोनेत्स्क प्रांताचा युक्रेनकडे उरलेला भाग सोडला तर लढाई थांबेल असा प्रस्ताव समोर आहे. लोकांच्या मताची एवढी काळजी असेल तर हे लोकांना विचारावं.

ओवी

विचारलंय. गॅलपच्या पाहणीत २०२२ मध्ये ७३ टक्के लोक विजयापर्यंत लढू म्हणत होते. जुलै २०२५ मध्ये ते २४ टक्क्यांवर आले आणि ६९ टक्के लोक वाटाघाटींनी लवकर युद्ध थांबवा म्हणाले. म्हणजे लोक थकलेत, आणि ते लपवतही नाहीत. पण थांबवा म्हणजे काय, हे खोदून विचारलं की चित्र बदलतं. कीव्हच्या समाजशास्त्र संस्थेच्या पाहण्यांमध्ये बहुसंख्य लोक आहे त्या रेषेवर लढाई गोठवायला तयार असतात, भक्कम हमी मिळाली तर. त्यांच्या सैन्यानं अजून राखलेलं दोनेत्स्क प्रांतातलं क्रामातोर्स्क, स्लोव्यान्स्क आपण होऊन सोडून द्यायला मात्र बहुसंख्य तयार नसतात.

मीनलताई, जीव वाचणं महत्त्वाचं आहेच. पण जमीन दिली की तिथली माणसंही दिली जातात. आणि त्यांचं पुढे काय होतं हे या लोकांनी पाहिलेलं आहे. ३१ मार्च २०२२ च्या सुमारास रशियन फौजा कीव्हजवळच्या बुचातून मागे गेल्यावर तिथे चारशेहून जास्त मृतदेह सापडले, काही हात बांधलेले. इझ्यूमजवळच्या कापितोलिव्का गावातल्या एका बालसाहित्यिकानं ताबा असतानाची रोजनिशी लिहून बागेत चेरीच्या झाडाखाली पुरून ठेवली होती. त्यांना उचलून नेलं. गाव सुटल्यावर रोजनिशी सापडली, नंतर त्यांचा मृतदेह. ती रोजनिशी उकरून काढणारी लेखिका पुढच्या वर्षी क्रामातोर्स्कच्या हल्ल्यात जखमी होऊन गेली.

आणि जिथे ताबा अजून आहे तिथे रशियन पासपोर्ट घेतल्याशिवाय पेन्शन, दवाखाना, नोकरी अवघड. मार्च २०२५ च्या पुतिन यांच्या हुकमानं पासपोर्ट न घेतलेल्यांना १० सप्टेंबरपर्यंत कागदपत्रं रशियन कायद्यानुसार करून घ्या नाहीतर निघा, असं सांगितलं, त्यांच्याच घरात! मारियुपोलमध्ये पळून गेलेल्यांची घरं 'बेवारस' ठरवून ताब्यात घेतली जातात. वर लिहिलेल्या आजींच्या पिशवीत त्यांतल्याच एका घराची कागदपत्रं आहेत. १९ हजारांहून अधिक मुलं रशियात नेल्याची नोंद युक्रेन सरकारकडे आहे. याच कारणावरून १७ मार्च २०२३ ला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं पुतिन आणि रशियाच्या बालहक्क आयुक्त मारिया ल्वोवा-बेलोवा यांच्यावर अटक वॉरंट काढलं.

डॉ. सायली

खेरसोनमध्ये राहणाऱ्या माझ्या एका वर्गमैत्रिणीचं ऐका. ११ नोव्हेंबर २०२२ ला शहर सुटलं, लोकांनी रस्त्यावर नाचत सैनिकांना मिठ्या मारल्या. पण रशियन फौज नदीच्या पलीकडच्या काठावर आहे आणि तिथून छोटे ड्रोन सोडून सायकलवरच्या माणसाचा, बसथांब्यावरच्या बाईचा पाठलाग करते. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगानं मे २०२५ मध्ये याला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटलं. आता तिथे रस्त्यांवर मासेमारीची जाळी ताणून छत केलंय, त्याखालून लोक बाजारात जातात. ती म्हणते की ताब्यातले महिने आणि हे, यांतलं एक निवडायचं तर मी हेच निवडीन. मी तिला का असं विचारलं नाही. तिचा भाऊ त्या महिन्यांत चौकशीला नेला होता आणि अजून सापडलेला नाही.

दक्षिणायन

सायली, तुमच्या मैत्रिणीच्या भावाबद्दल वाचून सुन्न झालो. नाटोबद्दल माझं मत आहे ते आहे. पण ओवी, 'भक्कम हमी' म्हणजे त्यांना नक्की काय हवंय? नाटोच ना? म्हणजे आपण पुन्हा तिथेच आलो.

ओवी

काहींना नाटो हवं आहे, हो. पण सगळे त्यावर अडून नाहीत. मुद्दा ५ डिसेंबर १९९४ चा आहे. सोव्हिएत संघ फुटल्यावर जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा युक्रेनच्या भूमीवर होता. बुडापेस्टमध्ये कागद झाला, युक्रेननं शस्त्रं सोडली आणि रशिया, अमेरिका, ब्रिटन यांनी युक्रेनच्या सीमांचा मान राखायचं लिहून दिलं. २० वर्षांत त्यांतल्याच एकानं क्रिमिया घेतला आणि बाकीच्या दोघांनी निषेध नोंदवला. त्यामुळे 'आम्ही शब्द देतो' म्हटलं की हे लोक विचारतात, पुन्हा हल्ला झाला तर कुणाचं सैन्य किती दिवसांत येणार, आमच्या सैन्यावर संख्येची मर्यादा घालणार की नाही, आणि तुमच्या संसदेनं याला मंजुरी दिली आहे का? एवढी तीन उत्तरं मिळाली तर रेषा कुठे थांबवायची यावर बोलायला माझ्या ओळखीच्या बऱ्याच बायका तयार आहेत. त्यांतल्या निम्म्या जणींची घरं त्या रेषेच्या पलीकडे जातील हे त्यांना माहीत आहे.